लहान पल्स लेझर: ऊर्जा आणि नेटका बीम एकत्र कसे मिळवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिफिनच्या डब्यात मावेल एवढा लेझर, पण एका पल्समध्ये दहा-वीस मिलिज्युल आणि बीमही सरळ, नेटका. ऐकायला ही मागणी साधी वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्यातली प्रत्येक अट दुसरीच्या पायात पाय घालते. भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले, लेझर हाताळायला नुकती सुरुवात केलेले बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक निओडिमियम यागची, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाच्या लेझरची आहेत, कारण या क्षेत्राची भाकरी अजूनही त्याच तव्यावर भाजते.

असे लेझर नक्की कुठे वापरतात?

सगळ्यात जवळचं उदाहरण घरातच सापडेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आजीला पुन्हा धूसर दिसू लागतं आणि डॉक्टर सांगतात, "याग करून घ्या." तो याग म्हणजे हाच, क्यू-स्विच केलेला, म्हणजे साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारा निओडिमियम याग लेझर. काही नॅनोसेकंदांची पल्स, एक-दोन मिलिज्युल ऊर्जा, आणि कृत्रिम भिंगामागच्या गढूळ पडद्यावर काही मायक्रोमीटरचा ठिपका. पाच मिनिटांत काम होतं.

त्याखेरीज सैन्याचे अंतरमापक, गोंदण काढायची यंत्रं, हवेतली धूळ मोजणारे लिडार, आणि अंतराळयानं. चांद्रयान-१ (ऑक्टोबर २००८) वर चंद्राची उंचसखल जमीन मोजणारं लेझर उपकरण होतं. बंगळुरूच्या इस्रोच्या 'लिऑस' प्रयोगशाळेने ते बनवलं होतं, आणि त्यात १० मिलिज्युलचा निओडिमियम याग होता. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरने १९ ऑगस्ट २०१२ रोजी केमकॅम या उपकरणाच्या लेझरने पहिल्या दगडावर नेम धरला. १० सेकंदांत ३० पल्स, प्रत्येक सुमारे ५ नॅनोसेकंदांची आणि दहा लाख वॉटहून अधिक शक्तीची. दगडाची वाफ झाली आणि त्या वाफेच्या प्रकाशातून त्यातली मूलद्रव्यं ओळखली.

ऊर्जा भरपूर असली की झालं. बीमच्या गुणवत्तेचं एवढं कौतुक कशाला?

कारण काम लक्ष्यावर होतं, लेझरच्या तोंडाशी नाही. एक हिशेब करून पाहू. पहिल्या लेझरची ऊर्जा ५० मिलिज्युल, एम-स्क्वेअर (बीम आदर्शापेक्षा किती पट पसरतो तो आकडा, खुलासा पुढच्या प्रश्नात) ५. दुसऱ्याची फक्त १० मिलिज्युल, पण एम-स्क्वेअर १.३. दोघांच्या बीमची जाडी सारखी आणि भिंगही तेच. ठिपक्याची त्रिज्या एम-स्क्वेअरच्या पटीत वाढते, म्हणजे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीत. पहिल्यासाठी ५० भागिले २५ म्हणजे २, दुसऱ्यासाठी १० भागिले १.६९ म्हणजे जवळजवळ ६. एक पंचमांश ऊर्जेचा लेझर लक्ष्यावर तिप्पट घनतेने आदळतो.

डोळ्यांच्या लेझरमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं. ठिपका मोठा पडला तर प्लाझ्मा पेटवायला जास्त ऊर्जा द्यावी लागते, आणि ती जास्तीची ऊर्जा धक्क्याच्या रूपाने डोळ्यातच जाते. अंतरमापकाचं तसंच. बीम पसरला की दूरच्या लक्ष्याऐवजी शेजारच्या झाडावरून आणि गवतावरूनही परतीचा प्रकाश येतो.

एम-स्क्वेअर म्हणजे नक्की काय?

निसर्गाने परवानगी दिलेल्या सर्वोत्तम बीमपेक्षा तुमचा बीम किती पट वेगाने पसरतो, तो आकडा. आदर्श गाउसियन बीमसाठी, म्हणजे मध्यभागी तेज आणि कडेकडे घंटेच्या आकाराने उतरत जाणाऱ्या बीमसाठी, १. १०६४ नॅनोमीटरच्या आदर्श बीमची कंबर (त्याची सर्वात बारीक जागा) १ मिलिमीटर त्रिज्येची असेल तर त्याचा अर्धकोन ०.३४ मिलिरेडियन असतो, म्हणजे किलोमीटरभर अंतरावर जवळपास ६८ सेंटिमीटरचं वर्तुळ. एम-स्क्वेअर ५ असेल तर तेच वर्तुळ साडेतीन मीटरच्या आसपास जातं.

माहितीपत्रकातला आकडा बघताना एक काळजी घ्या. तो कोणत्या ऊर्जेला आणि कोणत्या पल्सदराला मोजला आहे, हे विचारा. "ऊर्जा ५० मिलिज्युल" आणि "एम-स्क्वेअर १.५" हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी छापलेले असले तरी एकाच वेळी मिळतातच असं नाही.

पोकळी आखूड केली की बीम का बिघडतो?

या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दोन आरशांमधली जागा म्हणजे पोकळी. ती आखूड असली की पल्स छोटी मिळते, कारण प्रकाशाला एक फेरी मारायला कमी वेळ लागतो. १० सेंटिमीटर प्रकाशीय लांबीच्या पोकळीत एक फेरी ०.६७ नॅनोसेकंदांची, आणि क्यू-स्विच पल्स अशा काही फेऱ्यांची असते. इथवर फायदाच फायदा.

पण त्याच पोकळीत गाउसियन मोडची जाडी किती, ते काढा. (मोड म्हणजे पोकळीत टिकून राहणारा प्रकाशाचा आकार; गाउसियन हा त्यातला मूळ, सर्वात साधा.) बाहेर पडण्याचा आरसा सपाट, मागचा १ मीटर वक्रता त्रिज्येचा, लांबी १० सेंटिमीटर. मोडची त्रिज्या येते ०.३२ मिलिमीटर. तुमचा रॉड, म्हणजे यागची कांडी, ३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या १.५. या रॉडच्या मधल्या बारीकशा भागातूनच मूळ मोड जाणार. उरलेल्या जागेत साठलेली ऊर्जा रिकामी कशी राहील? तिच्यावर वरचे, म्हणजे जास्त पसरट आणि गुंतागुंतीचे, मोड पोसले जातात. एम-स्क्वेअरचा ढोबळ अंदाज हवा असेल तर १.५ ला ०.३२ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर २० च्या वर जातं.

बरं, मध्ये छिद्र ठेवून वरचे मोड कापले तर? बीम सुंदर होतो, पण आता ऊर्जा त्या ०.३२ मिलिमीटरच्या वाटेनेच बाहेर काढायची आहे. समजा ८ मिलिज्युल बाहेर हवेत आणि आरसा ५० टक्के परावर्तक आहे. म्हणजे आत आरशावर १६ मिलिज्युल आदळतात, आणि बीमच्या मध्यभागी ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० ज्युल होतात. नॅनोसेकंद पल्सला आरशावरच्या सामान्य लेपनाचा सहनशीलतेचा काठ इथेच कुठेतरी असतो. आज चाललं, उद्या काळा डाग.

मग मोड जाड करायला मागचा आरसा जवळजवळ सपाट घेऊ. वक्रता त्रिज्या १० मीटर केली तर मोड किती वाढतो? ०.५८ मिलिमीटर. वक्रता दहापट सपाट करून जाडी दुप्पटही होत नाही. आणि किंमत काय मोजली? सपाट आरसा ५० मायक्रोरेडियनने कलला, म्हणजे स्क्रूला नुसतं बोट लागलं, की प्रकाशाचा अक्ष अर्धा मिलिमीटर बाजूला सरकतो. ऊन लागून डबा किंचित वाकला तरी लेझर मंदावतो. आगीतून निघून फुफाट्यात.

लहान लेझरची सगळी रचनाकला या एका पेचातून वाट काढण्याची आहे: ऊर्जेला जाड मोड हवा, आखूड पोकळी बारीक मोड देते.

मग अस्थिर पोकळी वापरतात ती याचसाठी का?

हो. नाव ऐकून लोक दचकतात, पण "अस्थिर" म्हणजे लेझर हलतो असं नाही. आतला प्रकाश प्रत्येक फेरीत ठराविक पटीने पसरतो आणि शेवटी बाहेरच्या आरशाच्या कडेने निसटतो, एवढाच अर्थ. ॲंथनी सीगमन यांनी १९६५ मध्ये या पोकळ्यांचा पाया घातला. इथे मोडची जाडी लांबीवर अडून राहत नाही, रॉड पूर्ण भरता येतो.

आकडे असे: लांबी १० सेंटिमीटर, विस्तार १.५ पट. मागचा आरसा ०.६ मीटरचा अंतर्वक्र, पुढचा ०.४ मीटरचा बहिर्वक्र. फेरीगणिक बाहेर पडणारा भाग १ वजा १/२.२५, म्हणजे ५६ टक्के. यागसारख्या भरपूर वर्धन (प्रकाशाची वाढ) देणाऱ्या माध्यमाला तो चालतो. कमी वर्धनाच्या माध्यमांसाठी ही वाट नाही.

जुन्या पद्धतीत पुढच्या आरशाच्या मध्ये परावर्तक ठिपका असे आणि बीम मेदूवड्यासारखा, मध्ये भोक घेऊन बाहेर येई. दूरवर मध्यभागी टोक मिळतं, पण भोवती वलयं राहतात. आता आरशाचं परावर्तनच मध्याकडून कडेकडे हळूहळू उतरत जाईल असं लेपन करतात. वलयं बरीच निवळतात आणि बीम भरीव होतो. माझं मत विचाराल तर २० ते १०० मिलिज्युलच्या टप्प्यात, मोठं शीतक नको असेल तेव्हा, आधी हाच पर्याय कागदावर मांडून बघावा. अडचण एकच: असा आरसा दुकानात तयार मिळत नाही, मागवावा लागतो, आणि तो जळला तर पुढचा येईपर्यंत थांबा.

पोरो प्रिझम कशासाठी लावतात?

धक्के सोसायला. काटकोनी प्रिझमवर आलेला प्रकाश एका दिशेतल्या कलण्याची पर्वा न करता आल्या वाटेने परत जातो. दोन टोकांना दोन प्रिझम, त्यांच्या कडा एकमेकींना काटकोनात, म्हणजे दोन्ही दिशांना राखण झाली. मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरच्या मोला या उंचीमापकात अशीच पोकळी होती. त्याने १० हर्ट्झने, प्रत्येकी ४० मिलिज्युलहून जास्त ऊर्जेच्या ६० कोटींहून अधिक पल्स मंगळाच्या दिशेने सोडल्या. तिथे स्क्रू पिळायला कोणी जाणार नव्हतं.

दोष? प्रिझमची धारदार कड बीमच्या मधोमध येते. कोन जुळले नाहीत तर बीम फुलाच्या पाकळ्यांसारखा तुकड्यांत दिसतो. दिसायला छान, वापरायला निरुपयोगी.

क्यू-स्विच सक्रिय घ्यावा की निष्क्रिय?

आधी क्यू-स्विच काय करतो ते बघू. गळका हौद डोळ्यांसमोर आणा. नळ सोडला, तळाशी बारीक गळती चालू आहे, तरी हौद भरतोय. तोटी बंद ठेवायची आणि भरला की एकदम उघडायची. यागमध्ये गळतीचा काळ २३० मायक्रोसेकंद आहे. पंप, म्हणजे स्फटिकात ऊर्जा भरणारा प्रकाश, तेवढाच वेळ चालवला तर दिलेल्यापैकी ६३ टक्के हाती राहतं. १०० मायक्रोसेकंदांत भरलं तर ८१ टक्के. पण लवकर भरायला नळ मोठा हवा, म्हणजे पंपाचा प्रकाश देणारे जास्त डायोड, म्हणजे जास्त पैसे.

निष्क्रिय म्हणजे क्रोमियमयुक्त यागची चकती. तिला वायर नाही, उच्च दाबाची वीज नाही. प्रकाश पुरेसा वाढला की ती आपोआप पारदर्शक होते. जागा वाचते, किंमत वाचते. पण नवख्यांना एक गोष्ट हमखास चकवते: पंप वाढवला म्हणून पल्सची ऊर्जा वाढत नाही. ती चकतीची सुरुवातीची पारदर्शकता, बाहेरचा आरसा आणि मोडचं क्षेत्रफळ यांनी ठरून गेलेली असते. पंप वाढवाल तर एकाऐवजी दोन पल्स मिळतील, आणि अंतरमापकाला ती दुसरी पल्स म्हणजे भुताटकी. शिवाय पल्स नेमकी कधी सुटेल यात थोडी मागेपुढे होते.

सक्रिय म्हणजे पॉकेल्स सेल, विजेच्या दाबाने प्रकाशाची वाट बंद-उघड करणारा स्फटिक. वेळ नेमकी पाळतो. डीकेडीपी स्फटिक जळत नाही सहजी, पण हवेतला ओलावा पितो आणि हजारो व्होल्ट मागतो. लिथियम नायोबेट ओलाव्याला भीत नाही, पण प्रकाशाचा मार तुलनेने कमी सोसतो. आरटीपी या स्फटिकाला व्होल्ट कमी लागतात, पण ते जोडीने लावावं लागतं आणि जोडी नीट जुळलेली असावी लागते. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेतला तर डीकेडीपीच्या सीलबंद डब्याचं झाकण कुतूहल म्हणून सुद्धा उघडू नये.

डायोड पंपासाठी तापमान इतकं का जपतात?

डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते, आणि यागचा ८०८ नॅनोमीटरचा शोषणपट्टा अरुंद आहे. पाच-सात अंशांचा फरक पडला की पंपाचा बराच प्रकाश न शोषला जाता रॉडच्या पलीकडे निघून जातो. म्हणून मग डायोडखाली विद्युत शीतक, त्याला पंखा, त्या दोघांना वीजपुरवठा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लेझर तळहाताएवढा आणि त्याचा लवाजमा सुटकेसएवढा, असं अनेकदा होतं.

सुटका दोन-तीन मार्गांनी होते. वेगवेगळ्या तरंगलांब्यांचे डायोड मिसळायचे, म्हणजे कोणत्याही तापमानाला काही तरी शोषलं जातंच. पंपाचा प्रकाश स्फटिकातून लांबलचक वाटेने फिरवायचा. किंवा स्फटिकच बदलायचा. केमकॅममध्ये याग नाही, निओडिमियम केजीडब्ल्यू आहे, आणि बीम १०६७ नॅनोमीटरचा. त्याचा शोषणपट्टा रुंद असल्याने मंगळावरच्या गारठ्यात डायोडचं तापमान काटेकोर धरून ठेवण्याची कटकट उरली नाही. त्याची उष्णतावाहकता यागच्या मानाने बरीच कमी आहे, पण थोड्या थोड्या वेळाने काही पल्स मारणाऱ्या उपकरणाला ते चालून जातं.

उष्णतेचं भिंग हा काय प्रकार आहे?

रॉड मध्ये गरम, कडेला गार. त्यामुळे तो स्वतःच भिंग बनतो. ५० मिलिज्युल, २० हर्ट्झ, म्हणजे सरासरी १ वॉट. त्यासाठी रॉडमध्ये साधारण २ वॉट उष्णता उरते असं धरलं, तर ३ मिलिमीटर व्यासाच्या याग रॉडचं नाभीय अंतर ढोबळमानाने १२ मीटर येतं. १० सेंटिमीटरच्या पोकळीला हे सोसतं. तोच लेझर १०० हर्ट्झने चालवा, अंतर अडीच मीटरवर येतं. आता तुमच्या सगळ्या आरशांची गणितं बदलली.

म्हणून लेझर कोणत्या दराने चालणार हे आधी ठरवून, त्या दराचं भिंग गृहीत धरून आरसे निवडावेत. "सुरुवातीची दोन मिनिटं बीम खराब असतो, मग सुधारतो" अशी तक्रार आली तर लेझर बिघडलेला नाही. तो गरम असतानाच चांगला वागेल असा बांधलेला आहे. उलट तक्रार असेल, तर हे गणित कोणी केलेलंच नव्हतं.

सगळी ऊर्जा एकाच ऑसिलेटरमधून काढावी की पुढे ॲम्प्लिफायर जोडावा?

जागा असेल तर ॲम्प्लिफायर, म्हणजे तयार बीमची ऊर्जा वाढवणारा पुढचा स्फटिक. छोटा ऑसिलेटर, म्हणजे आरशांची पोकळी असलेला मूळ लेझर, १ ते ५ मिलिज्युल देतो, पण अगदी स्वच्छ. त्याचा बीम जाड करून ॲम्प्लिफायरमधून नेला की आतल्या आरशांवरचा ताण जातो. मात्र यागमधून साठा नीट उपसायचा असेल तर येणारा बीम दर चौरस सेंटिमीटरला ०.६७ ज्युलच्या जवळपास पोचला पाहिजे. त्याच्या खूप खाली राहिलात तर ॲम्प्लिफायर नुसता तापतो. कमकुवत बीम दोनदा फिरवणं हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

स्लॅब, डिस्क वगैरे प्रकार इथे उपयोगी पडतात का?

स्लॅब, म्हणजे रॉडऐवजी चपटी पट्टी, पडतो. त्यात प्रकाश नागमोडी जातो, त्यामुळे एका दिशेतल्या उष्णतेचा परिणाम आपोआप सरासरीत विरतो. मोलातही स्लॅबच होता. पातळ डिस्क सरासरी शक्तीची राणी आहे, पण तिचं वर्धन कमी आणि भोवतीची आरशांची मांडणी मोठी. टिफिनच्या डब्यात ती नको.

आरसे आणि लेपनं अचानक का जळतात?

बहुतेक वेळा ऊर्जा जास्त झाली म्हणून नाही, तर घाण बसली म्हणून. बंद डब्यात गोंद, सिलिकॉन, वायरीचं आवरण यांतून बाष्प सुटतं आणि प्रकाशाच्या वाटेवरच्या काचेवर जाऊन भाजतं. आमच्या टेबलावर एकदा तीन आठवड्यांत दोन खिडक्या गेल्या, आणि गुन्हेगार निघाला वायर धरून ठेवण्यासाठी कोणीतरी लावलेला सिलिकॉनचा थेंब. तो कोणी लावला, यावर अजून एकमत नाही.

अतिनील प्रकाशात हा त्रास कैकपटीने वाढतो. युरोपच्या वारामापक एओलस उपग्रहाचं उड्डाण आधी २००७ मध्ये ठरलं होतं, झालं २०१८ मध्ये. त्याच्या ३५५ नॅनोमीटरच्या लेझरने निर्वातात स्वतःचीच काच काळी करू नये, म्हणून शेवटी आत थोडा ऑक्सिजन ठेवावा लागला. आणि कधी कधी दोष प्रकाशाचा नसतोच. २००३ च्या आइससॅट उपग्रहावरचा पहिला लेझर पाचेक आठवड्यांत बंद पडला, कारण डायोडच्या जोडणीतलं इंडियम सोन्याच्या बारीक तारांपर्यंत पोचून त्या खात गेलं.

कॉलेजात असा लेझर बांधता येईल का?

मार्गदर्शक आणि कुलूपबंद खोली असेल तर येईल. १०६४ नॅनोमीटर दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला थेट मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकवटतं. काही मायक्रोज्युलची नॅनोसेकंद पल्ससुद्धा धोकादायक. "चष्मा आत्ता काढतो, जुळवणी झाली की घालतो" हे वाक्य ज्या प्रयोगशाळेत ऐकू येईल तिथून बाहेर पडा. पॉकेल्स सेलचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात, हेही विसरू नका.

माझ्या मोजमापात एम-स्क्वेअर ०.९ आला. लेझर फारच चांगला आहे का?

नाही, मोजणी चुकली. १ च्या खाली जाता येत नाही. बहुधा कॅमेऱ्याची पार्श्वभूमी गरजेपेक्षा जास्त वजा झाली आणि बीमच्या कडा कापल्या गेल्या. पद्धत आयएसओ १११४६ ची वापरा: किमान दहा ठिकाणी जाडी मोजा, त्यातल्या अर्ध्या कंबरेपासून एका रेले लांबीच्या (बीमचं क्षेत्रफळ दुप्पट होईपर्यंतचं अंतर) आत, उरलेल्या दोन रेले लांब्यांच्या पलीकडे. सगळी मापं कंबरेजवळच घेतली तर आकडा हवा तसा येतो. आणि मोजण्याआधी लेझर त्याच्या नेहमीच्या दराने अर्धा तास चालू द्या.